उष्ट्याची बाटली

ताईंचा पाय कधी स्वस्थ बसत नसे. गाडी शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गडबडला की मास्तरने तो दाबायचा. ताईंनी जन्मभर तो दाबला आणि पायाला अशी खोड लागली, की बसमध्ये बसल्या काय किंवा भावाच्या गाडीत बसल्या काय, समोर काही आडवं आलं की त्यांचा पाय जमीन दाबायचा. सिनेमात पाठलाग सुरू झाला तरी दाबायचा. शेजारच्याची चप्पल त्याखाली आली तर ते त्याचं नशीब.

आईवडील लवकर गेले तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, गाडी शिकवण्याची शाळा काढली. भावाने लग्न करून आणलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गाडी येते?"

"नाही."

"मग शिकायची आहे?"

"भीती वाटते."

त्यावर ताईंनी जो उसासा टाकला, तो पुढे कित्येक वर्षं त्या टाकत राहिल्या. ही भावजय दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसणारी संशोधक, म्हणून ताईंनी तिचं नाव ठेवलं भिंगवाली. "अर्ध्या शहराला मी गाडी शिकवली," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आणि माझी सख्खी भावजय बसची वाट बघत ताटकळते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

भिंगवालीही काही कमी नव्हती. एरवी ती नणंदेला ताई म्हणायची, पण चिडली की जुन्या काळच्या सुनेचा आवाज काढून ‘वन्सं’ म्हणायची, आणि त्या एका शब्दाने ताईंचं डोकं फिरायचं. दोघींची जुंपली की नवरा हळूच उठून गॅलरीत जायचा. नवीन पाहुण्यांना वाटे, या घरात कडाक्याचं भांडण आहे. खरं तर त्या दोघींचं जितकं पटत होतं तितकं त्या घरात दुसऱ्या कुणाचंच पटत नव्हतं.

ताईंना पहिली फिट आली ती भर चौकात, शिकवणी चालू असताना. डावा हात झटके देऊ लागला, तोंड वाकडं झालं, आणि त्या सीटवर कलंडल्या. गाडी चालवत होता एक घाबरट बँक कारकून. त्याने गाडी अलगद कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि मगच रडायला सुरुवात केली. रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर ताईंचा पहिला प्रश्न होता, "कडेला घेताना इंडिकेटर दिला होता का त्याने?" दिला होता. "मग ठीक," ताई म्हणाल्या, "शिकवणं फुकट नाही गेलं."

तपासण्या झाल्या आणि मेंदूत गाठ निघाली. वाईट जातीची, वेगाने वाढणारी. जेवढी काढता आली तेवढी शल्यविशारदाने काढली. लायसन्स अर्थातच जमा झालं. गाठीपेक्षा ताईंना त्याचंच जास्त लागलं, असं त्या म्हणत. खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि भिंगवालीचं काम काय, तर मेंदूतल्या याच जातीच्या गाठींवर संशोधन. याला योगायोग म्हणणाऱ्याच्या तोंडावर दार लावावं. जी गोष्ट ती वर्षानुवर्षं भिंगाखाली शांतपणे बघत आली, ती आता घरात येऊन बसली होती. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात हे तिला माहीत होतं. बहुतेक पेशी नुसता दंगा करतात. भराभर वाढतात, पसरतात, आणि औषध पडलं की मरतात. पण त्यांच्यात थोड्या वेगळ्या असतात, मूळपेशी. या गप्प असतात. औषधांचा आणि किरणांचा मारा चालू असताना अंग चोरून बसतात, आणि सगळं निवलं की त्यांच्यातूनच गाठ पुन्हा उभी राहते. वरचं गवत कापलं आणि मुळं राहिली, की जे होतं तेच. म्हणून या गाठी परत येतात. म्हणून भिंगवालीला ताईंच्या डोळ्याला डोळा भिडवणं जड जात होतं.

त्या रुग्णालयाने आणि तिच्या प्रयोगशाळेने मिळून एक अभ्यास चालवला होता. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत फ्लास्क नावाच्या चपट्या बाटलीत वाढवायचा, त्यावर वेगवेगळी औषधं घालून बघायची, आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो ते डॉक्टरांना कळवायचं. तोवर रुग्णाचे किरणोपचार चालू असतात; ते संपले की डॉक्टर अहवाल बघून औषध निवडतात. ताईंनी लगेच संमती दिली. "माझ्या डोक्यातून निघालेला कचरा आहे," त्या म्हणाल्या, "न्या. मला परत नको."

प्रयोगशाळेचा नियम होता, घरच्या माणसाचा नमुना असेल तर त्याला हात लावायचा नाही. हात चुकतो असं नाही, पण डोळा चुकतो. बघायचं असतं ते सोडून हवं असतं ते दिसायला लागतं. नियम केला होता तिथल्या प्रमुख बाईंनी. बाई निवृत्तीला आल्या होत्या आणि अख्ख्या इमारतीत चिक्कू म्हणून प्रसिद्ध होत्या. रिकाम्या खोलीतला दिवा जळताना दिसला तर तो बंद करायला त्या उतरलेला जिना परत चढत. टिश्यूपेपर अर्धा फाडून वापरत. आणि त्यांचा सर्वांत जाचक कायदा होता उष्ट्याचा. पेशी ज्या द्रवात वाढतात तो मधूनमधून बदलावा लागतो, आणि जगातले बाकीचे लोक जुना द्रव सरळ फेकून देतात. बाईंकडे नमुन्यावरून पहिल्यांदा काढलेला द्रव फेकायचा नाही. तो वेगळ्या बाटलीत भरायचा, आणि पेशींना अंगाइतकी ऊब देणारं जे कपाट असतं, त्या इनक्युबेटरच्या तळच्या खणात ठेवायचा. अहवाल गेला की मगच टाकायचा. "फेकायला काय, कधीही फेकता येतं," बाई म्हणत. त्या द्रवाला सगळे उष्टं म्हणायचे, आणि तळच्या खणाला बाईंचं माहेर.

ताईंचा नमुना आला तो हाडवैद्याकडे गेला. हा गृहस्थ नुकताच दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आला होता. वीसेक वर्षं त्याने हाडांच्या पेशी वाढवल्या होत्या, म्हणून हे नाव. हात असा सफाईदार, की त्याचं काम बघायला इतर खोल्यांतले लोक दारात उभे राहत. इथल्या कामाची घडी बसवून देण्याचं काम खरं तर भिंगवालीचं होतं. पण हा नमुना ताईंचा आहे कळल्यावर तिने असं कडक सोवळं पाळलं, की त्या खोलीत पाऊल टाकलं नाही आणि हाडवैद्याशी त्या कामाबद्दल एक अक्षर बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही. वीस वर्षांच्या अनुभवी माणसाने पेशी कशा धुवायच्या हे विचारायचं म्हणजे काय!

दिवस जात राहिले. ताई रोज किरणोपचारांना जात आणि चुरगळलेल्या कपड्यासारख्या परत येत. अहवालाची तारीख जवळ आली तसा भिंगवालीच्या तोंडात घास जाईना. एक दिवस दुपारच्या चहाला हाडवैद्य तिच्या समोर येऊन बसला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "सांगायला नको खरं तर. पण तुझा चेहरा बघवत नाही."

"काय झालं?"

"दुसऱ्या नंबरच्या औषधाने तळ साफ. धुतल्यासारखा. एक पेशी उरलेली नाही."

भिंगवालीचा चहा तसाच राहिला. ती उठली, जिन्यात गेली, भिंतीला टेकून मनसोक्त रडली, आणि संध्याकाळी बसला न थांबता रिक्षा करून थेट घरी, ताईंकडे गेली. अहवाल जाण्याआधी रुग्णाला काही सांगायचं नाही हाही नियमच होता. तो तिने त्या रिक्षातच सोडून दिला.

ताई डोक्याला रुमाल बांधून पलंगावर पडल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून बसल्या. "सगळ्या मेल्या?"

"सगळ्या."

"नक्की?"

"अहो, बघणाऱ्याने सांगितलं मला."

ताईंनी भावजयीचा गालगुच्चा इतक्या जोरात घेतला की तो लाल झाला. मग लगेच फोन हातात घेऊन शाळेचा बोर्ड नव्याने रंगवायला पेंटरला बोलावलं. तो बोर्ड उन्हाने उडाला होता आणि ताईंनी फिट आल्यापासून त्याच्याकडे बघायचंच टाकलं होतं. त्या रात्री नवराबायको दोघंही गाढ झोपली.

सकाळी प्रयोगशाळेत हातमोजे चढवताना भिंगवालीच्या मनात ते वाक्य पुन्हा वाजलं. एक पेशी उरलेली नाही. इतक्या वर्षांत किती नमुने आले आणि गेले, पण असं कधी झालं नव्हतं. काहीतरी उरतंच. थोडं का होईना, पण उरतं. आनंद काल गाजावाजा करत आला होता. शंका मांजरीच्या पावलांनी आली, आणि आली ती हलेना. तिला ताईंचं एक जुनं बोलणं आठवलं. प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी त्या सांगत: "आरसा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगत नाही. आरशात गाडी दिसली नाही म्हणजे गाडी नाही असं समजू नका. मान वळवा आणि बघा."

ती हाडवैद्याच्या खोलीच्या दारात गेली. "हात लावणार नाही. औषध घालायच्या आधीचे फोटो तेवढे दाखव."

त्याने हौसेने संगणकावर फोटो लावले. फ्लास्कच्या तळाला पेशी अंथरल्यासारख्या पसरल्या होत्या, हातपाय ताणून, एकमेकींना धरून. वरचा द्रव स्वच्छ. इतका स्वच्छ की चित्रासारखा.

"गोळे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"कसले गोळे?"

"वर तरंगतात ते. छोटे असतील. एकेकट्या पेशी असतील सुरुवातीला, गोल गोल."

"अगं, ती घाण होती. मेलेल्या पेशी. पहिल्याच वेळी काढल्या आणि दोनदा धुऊन घेतलं." आणि मग तिच्याकडे बघता बघता त्याचा आवाज बारीक झाला. "चिकटत नाही ते मेलेलं. हाडांच्या पेशींचं तसंच असतं."

हाडांच्या पेशींचं तसंच असतं, यात त्याचं काही चुकलं नव्हतं. जिवंत असते ती तळाला चिकटते, मरते ती सुटून वर येते. पण मेंदूतल्या गाठींच्या मूळपेशी या बाबतीत उलट्या खोपडीच्या. त्या तळाला चिकटतच नाहीत. तरंगत राहतात, आणि एकीच्या अनेक होऊन त्यांचा बारीकसा गोळा बनतो. हाडवैद्याने दंगेखोर पेशी जपून वाढवल्या होत्या आणि मुळं धुऊन टाकली होती. औषधाने तळ साफ झाला तो खराच. पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांना औषधाचा थेंबही लागला नव्हता.

भिंगवाली हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. बाईंनी बघितलं असतं तर जीव गेला असता. पेंटर आज येणार होता. ताई दारात खुर्ची टाकून बसणार होत्या. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. त्या गाठीला सोडून. डॉक्टर विश्वासाने दुसऱ्या नंबरचं औषध देतील, आणि काही महिन्यांनी ताईंच्या डोक्यात जे व्हायचं ते होईल, आणि तेव्हा सगळे म्हणतील की या आजाराचं असंच असतं. तिला स्वतःचा राग आला, हाडवैद्याचा आला, नियमाचा आला. आपण एक शब्द बोललो असतो तर! तिने नळ बंद केला.

मागे वळली तर हाडवैद्य उभा होता. चेहरा पांढराफटक पडला होता त्याचा. "चल बाईंकडे," तो म्हणाला. "मीच सांगतो. चूक माझी आहे."

"अर्धी माझी आहे."

बाईंनी दोघांचं ऐकलं. ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हाडवैद्याला एवढंच विचारलं, "धुऊन काढलंस ते टाकलंस कुठे?"

त्याने झटकन मान वर केली. मग म्हणाला, "तुमच्या उष्ट्यात. नियम आहे ना तुमचा. मला वेडेपणाच वाटला होता तो, पण नवीन माणूस... म्हटलं पाळावा."

तिघंही एकदम उठली. इनक्युबेटरच्या तळच्या खणात बाटल्यांची नुसती दाटी होती. हाडवैद्य गुडघे टेकून एकेक बाहेर काढू लागला आणि शेवटी मागच्या कोपऱ्यातून एक बाटली निघाली. तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. तिचा द्रव कुणी बदलला नव्हता. आत गढूळ पाणी आणि चोथा दिसत होता. भिंगवालीने पाहिलं आणि तिचा धीरच सुटला. एवढे दिवस उपाशी ठेवल्यावर कोण जगणार?

बाई सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. बाटली तसूतसूने सरकवत राहिल्या. हाडवैद्य नखं खात होता. मग बाई खुर्चीतून उठल्या आणि भिंगवालीला म्हणाल्या, "बस."

"मी? नियम..."

"नियम मी केलाय ना? बघायला सांगतेय मी. हात लावू नकोस."

भिंगवाली बसली. आधी नुसता कचरा दिसला, फुटलेल्या, काळवंडलेल्या पेशींचा. आणि त्या कचऱ्यात एक गोळा. लहानसा, पण कडा लख्ख आणि गोल. थोडं पलीकडे दुसरा. मग आणखी एक. उपाशी राहून, विस्मरणात पडून, घाणीत बसून त्या जगल्या होत्या. ज्या चिवटपणाने त्या ताईंच्या मुळावर उठल्या होत्या, त्याच चिवटपणाने त्या बाटलीत तग धरून राहिल्या होत्या. भिंगवालीला त्यांचा मनापासून तिरस्कार वाटला आणि त्याच वेळी त्यांना जपून, न्हाऊमाखू घालून वाढवावंसं वाटलं. काय म्हणावं या भावनेला! तिचे डोळे भरून आले आणि गोळे दिसेनासे झाले.

"उद्याचा अहवाल जाणार नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांशी मी बोलते. किरणोपचार संपायला अवकाश आहे, तेवढा वेळ आपला. आणि हाडवैद्या, आता हिला विचारून कर. मी आहे मध्ये, ती हात लावणार नाही, तोंड चालवेल."

"तोंड चालवण्यात ती हुशारच आहे," हाडवैद्य म्हणाला, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा श्वास सोडला.

उरलं होतं ते सर्वांत अवघड काम, आणि ते तिचं एकटीचं होतं.

शाळेच्या ऑफिसबाहेर पेंटर शिडीवर चढला होता. ताई फुटपाथवर खुर्ची टाकून त्याच्या जिवाला घोर लावत होत्या. "ती रेघ वाकडी आहे. गाडी अशी चालवलीस तर फुटपाथवर चढशील." भावजयीला अवेळी आलेली बघून त्यांचा आवाज थांबला.

भिंगवालीने शेजारच्या पायरीवर बसून सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. काय धुतलं गेलं, काय उरलं, आपण काल जे बोललो त्याला काही अर्थ कसा नव्हता. बोलताना ती खाली बघत होती, म्हणून तिला ताईंचा पाय दिसला. तो जमीन दाबत होता. घट्ट, टाच उचलून.

"म्हणजे काल रात्री मी शेजारणीला सांगितलं," ताई सावकाश म्हणाल्या, "दूधवाल्याला सांगितलं, माझ्या शाळेतल्या वर्गमैत्रिणीला परदेशात फोन करून सांगितलं. ते सगळं खोटं."

"हो."

"वेडी आहेस का तू? पोटात ठेवता येत नव्हतं एक दिवस?"

"नव्हतं येत."

"मला काय वाटलं असेल काल, कल्पना आहे? मी रात्री हिशोब केला की पुढच्या वर्षी..." ताईंचा आवाज फाटला. त्यांनी तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत राहिल्या. त्या रडत होत्या. भिंगवालीने त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. फिट आली तेव्हा नाही, केस गेले तेव्हा नाही. तिने त्यांचा हात धरला आणि ताईंनी तो सोडवून घेतला नाही.

मग ताईंनी रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "एक सांग. तुला कळलं कसं? त्या वीस वर्षंवाल्याला नाही कळलं ते?"

"आरसा अगदी स्वच्छ दिसत होता," भिंगवाली म्हणाली. "म्हणून मान वळवून बघितलं."

ताई तिच्याकडे वळल्या. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. "म्हणजे वर्ग बाहेरून ऐकत होतीस एवढी वर्षं! आणि फी बुडवलीस."

"वन्सं..."

"गप्प बस. चुकीची माहिती दिल्याचा दंड आहे तुला. उद्यापासून गाडी शिकायची. माझ्या जागी ठेवलेला नवा मास्तर शेजारी बसेल, मी मागे बसेन."

"ताई, मला भीती वाटते हो."

"मला काय मजा वाटतेय का?" ताई म्हणाल्या.

पेंटर शिडीवरून हे सगळं ऐकत होता. त्याने घाबरत विचारलं, "बोर्डाचं काम थांबवू का मग?"

"थांबवतोस कशाला?" ताई कडाडल्या. "शाळा बंद पडली का? आणि ती रेघ आधी पूस!"

गोळे सावकाश वाढले. दुसऱ्या नंबरचं औषध घालून पाहिलं. त्यांच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. भिंगवालीने जेवताना ताईंना तसंच सांगितलं, आणि ताईंनी "पुढचा गिअर" एवढंच म्हणून ताट पुढे ओढलं. आणखी एक औषध फुकट गेलं. मग एका नव्या औषधाची पाळी आली. त्यानेही गोळे मेले नाहीत, आणि भिंगवाली निराश होऊन नोंदवहीचं पान उलटणार, तोच हाडवैद्य भिंगातून डोळे न काढता म्हणाला, "थांब. या खाली बसतायत."

"बसतायत म्हणजे?"

"कडेच्या पेशींनी पाय टेकलेत. चिकटायला लागल्यात. अगं, दुसरं काही मला कळत नसेल, पण चिकटणारी पेशी मी झोपेत ओळखतो."

खरंच होतं. ते औषध मारत नव्हतं, मार्गी लावत होतं. भटक्या मूळपेशी गोळा सोडून तळाला येत होत्या, हातपाय पसरत होत्या, चारचौघींसारख्या पेशी होत होत्या. आणि एकदा का चारचौघींसारख्या झाल्या, की दुसऱ्या नंबरच्या औषधापुढे त्यांची मात्रा चालत नव्हती. आधी हे, मग ते. पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं. सगळे नाही, काही गोळे तरीही टिकले. अहवालात बाईंनी तेही स्पष्ट लिहायला लावलं. डॉक्टरांनी अहवाल वाचला, स्वतः प्रयोगशाळेत येऊन गोळे बघितले, आणि अभ्यासाच्या नियमांत बसवून ताईंना दोन्ही औषधं त्याच क्रमाने सुरू केली. खात्री कुणी दिली नाही, आणि कुणी मागितलीही नाही.

इकडे दंडाची वसुली चालू होती. नवा मास्तर ब्रेकवर पाय ठेवून पुढे, ताई मागच्या सीटवर. भिंगवालीने दोन कुंड्या फोडल्या, एका भिंतीचा पोपडा काढला, आणि एकदा गाडी अशी बंद पाडली की मागे वरातीएवढी रांग लागली. मागून ताईंचा आवाज आणि पुढच्या सीटच्या पाठीला त्यांच्या पायाचा धक्का, दोन्ही एकदमच येत. औषधांनी त्या अशक्त झाल्या होत्या, कधी उलट्या होत, कधी शब्द आठवत नसे. पण शिकवणीचा वार त्यांनी चुकवला नाही.

महिने गेले. मेंदूची पुन्हा तपासणी झाली त्या दिवशी रुग्णालयात भिंगवालीच गाडी घेऊन गेली; तोवर तिला लायसन्स मिळालं होतं, परीक्षा घेणाऱ्यालाही आश्चर्य वाटलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. उरलेल्या गाठीची जुनी सावली होती तिथेच होती. वाढली नव्हती. उलट एका कडेने किंचित आत ओढली गेली होती.

"किंचित म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"किंचितच," डॉक्टर म्हणाले. "पण या आजारात इतक्या महिन्यांनी हे किंचित मला फार क्वचित बघायला मिळतं."

"चालेल. मीही विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हायवेवर नेत नाही."

परतीच्या वाटेवर दोघी फारसं बोलल्या नाहीत. शेजारची सीट आता रिकामी होती. ताई सवयीने मागेच बसल्या होत्या, डाव्या अंगाला. संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. मोठ्या रस्त्यावरून डावीकडे वळायचं तिथे भिंगवालीने इंडिकेटर दिला, आरशात बघितलं. आरसा रिकामा होता. तिने मान वळवली.

रस्ता मोकळा होता. पण मागच्या सीटवर ताईंचं डोकं खिडकीला टेकलेलं दिसलं. डोळे मिटलेले. आणि त्यांचा तो पाय, जो जन्मात कधी दुसऱ्याच्या गाडीत स्वस्थ बसला नव्हता, तो सैल पडला होता. भिंगवालीच्या काळजाचं पाणी झालं.

"मान वळवून बघितलंस ना?" ताई डोळे न उघडताच म्हणाल्या. "मग आता पुढे बघ. मी आहे."